जुन्या प्रोटोटाइप इलेक्ट्रिक गिटारचं मूळ शोधणं

मॉडेल बाजारात आणायच्या आधी कंपनी हाताने एखाद-दुसरी गिटार बनवून बघते, तो प्रोटोटाइप. अशी जुनी गिटार सापडली तर ती कुठली, कधीची, कुणी बनवली हे ठरवणं नेहमीच्या व्हिंटेज गिटारपेक्षा खूप अवघड जातं, कारण बहुतेक वेळा सिरीयल नंबर नसतो, कॅटलॉगमध्ये ती आलेलीच नसते आणि लोगो काय, नंतर कुणीही चिकटवू शकतो. म्हणून आधी स्क्रू काढून आत बघायचं.

आत सगळ्यात कामाचे म्हणजे व्हॉल्यूम आणि टोनचे पॉट, म्हणजे नॉब फिरवल्यावर आवाज कमी-जास्त करणारे विजेचे भाग. अमेरिकन पॉटवर बरेचदा आकडे छापलेले असतात, पहिले तीन कंपनीचे (१३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल) आणि पुढे वर्ष आणि आठवडा, म्हणजे १३७६५४३ दिसलं तर सीटीएस, १९६५, ४३वा आठवडा. यावरून गिटार त्याच्या आधीची नाही एवढंच कळतं, कारण पॉट फॅक्टरीत पडून राहायचे, आणि सोल्डर नंतर कुणी उकरलेलं असेल तर तेही धरता येत नाही. फेंडर कंपनीची असेल तर नेक (गिटारची लांब दांडी) बॉडीपासून सोडवून तिच्या टोकाला पेन्सिलने तारीख लिहिलीय का तेही बघतात.

पण प्रोटोटाइपमध्ये खरी गंमत न जुळणाऱ्या गोष्टींत असते. लिओ फेंडरने १९४९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला बनवलेल्या पहिल्या सॉलिड बॉडी (आतून पोकळ नसलेल्या) प्रोटोटाइपची बॉडी पाइनची होती आणि हेडस्टॉकला, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला, दोन्ही बाजूंना तीन-तीन खुंट्या, त्यांच्या स्टील गिटारसारख्या (आडवी ठेवून वाजवायची गिटार). नंतर बाजारात आलेल्या ब्रॉडकास्टर मॉडेलला सहाही खुंट्या एकाच बाजूला. रिकनबॅकर कंपनीच्या 'फ्राइंग पॅन' या इलेक्ट्रिक गिटारचंही तसंच, १९३१ चा नमुना मेपल लाकडातून कोरलेला आणि विकायला आली ती ओतीव अॅल्युमिनियमची. म्हणजे प्रॉडक्शन गिटारमध्ये जे बघून आपण बनावट म्हणू तेच इथे पुरावा ठरू शकतं, त्यामुळे प्लीज, अशी गिटार मिळाली तर पॉलिश करू नका, पार्ट बदलू नका, जुना स्क्रूसुद्धा फेकू नका.

सगळ्यात मोठं कोडं गिब्सन कंपनीच्या 'मॉडर्न' नावाच्या मॉडेलचं. १९५७ मध्ये गिब्सनच्याच फ्लाइंग व्ही आणि एक्सप्लोरर या मॉडेलसोबत तिच्याही डिझाइनच्या पेटंटचा अर्ज झाला, त्या दोघी १९५८ मध्ये बाजारात आल्या, ही आली थेट १९८२ ला. त्या काळातली अस्सल म्हणून सर्वांनी मान्य केलेली एकही मॉडर्न आजपर्यंत समोर आलेली नाही.