कूळ, भाटकार आणि एक-चौदाचा उतारा

गोव्यात जमिनीचं भांडण निघालं की पहिला सवाल ठरलेला: एक-चौदावर नाव कोणाचं? जमिनीच्या नोंदीचा, फॉर्म 1 व 14 चा हा उतारा; महाराष्ट्रातल्या सातबारासारखा. त्यात कब्जेदाराचा रकाना वेगळा आणि कुळाचा वेगळा. कसणाऱ्याचं नाव या दोन रकान्यांपैकी कुठे पडलं, की कुठेच पडलं नाही, यावर कित्येक घरांच्या दोन-दोन पिढ्या मामलेदार कचेरीच्या बाकावर बसल्या आहेत.

सीलिंगपेक्षा जास्तीची जमीन सरकारने ताब्यात घ्यायची आणि भूमिहीनांना वाटायची, ही वाट गोव्याने धरली नाही. इथे वाटप झालं ते कुळकायद्याने. जो कसतो आहे, त्यालाच मालक ठरवायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण गोव्यातली जमीन एकाच तऱ्हेची कधी नव्हतीच.

तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागात, गावची जमीन गावकारीची: गावच्या मूळ घराण्यांची (गावकारांची) सामायिक संस्था, पुढे जिला कोमुनिदाद म्हणू लागले ती. पोर्तुगीजांनी ही पद्धत निर्माण केली नाही. 1526 च्या फोराल या दस्तऐवजात त्यांनी तिचे आधीपासूनचे रिवाज लिहून काढले आणि महसूल आपल्याकडे वळवला. गावकारी शेतं पावणीला, म्हणजे लिलावाला, काढी, आलेल्या पैशातून बांध आणि मानशी (बांधातली पाण्याची दारं) सांभाळी, आणि उरलेलं गावकारांत वाटून टाकी. बाकीची भाटं (बागायती) आणि शेतं भाटकारांची, म्हणजे जमीनदारांची. पेडणे, सत्तरीसारख्या नव्या, म्हणजे नंतर जिंकलेल्या, काबिजादीत चित्र आणखी वेगळं होतं. तिथे गावंच्या गावं मोकासदारांकडे, म्हणजे इनामात गाव मिळालेल्यांकडे. कसणारा मात्र सगळीकडे सारखाच: खंड घालणारा, तोंडी करारावरचा, आणि बहुतेकदा भाटकाराच्याच जागेत घर बांधून राहणारा मुंडकार. शेत सोडायचं तर छप्परही जाणार, म्हणून त्याचं तोंड बंद.

डिसेंबर 1963 मध्ये भाऊसाहेब बांदोडकरांचं मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्षाचं सरकार आलं ते बहुजनांच्या मतांवर. 'कसेल त्याची जमीन, राहील त्याचे घर' ही घोषणा त्या मतदाराला भाषणाविना कळत होती. (भाऊसाहेब स्वतः खाणमालक होते, हेही लोकांना ठाऊक होतं. त्याने काही बिघडलं नाही.) 1964 च्या कृषी कुळकायद्याने खंडाला मर्यादा घातली आणि मनाला येईल तेव्हा कुळाला हुसकावणं थांबवलं. मालकी मात्र भाटकाराकडेच राहिली.

मालकी बदलली ती भाऊसाहेबांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असतानाच्या काळात. 1975 मध्ये मुंडकारांना घरातून काढण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाला, आणि त्यानंतर कुळकायद्याची पाचवी दुरुस्ती. 20 एप्रिल 1976 हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी शेत ज्या कुळाकडे होतं, ते कूळ कायद्याने मालक मानलं गेलं. महाराष्ट्रात हाच दिवस 1 एप्रिल 1957 ला उजाडला होता. आपण एकोणीस वर्षं मागे. भाटकार कोर्टात गेले, पण कायदा टिकला.

घोळ झाला तो 'मानलं गेलं' या शब्दांत. मामलेदाराने किंमत ठरवायची, कुळाने ती भरायची आणि सनद घ्यायची, एवढी पायरी उरली होती. रक्कम फार नसे. पण पिढ्यान्‌पिढ्या आपणच नांगरत आलेल्या शेताचा कागद कशाला, असं म्हणून अनेकांनी ती पायरी सोडून दिली. सर्व्हेच्या वेळी कोणाचं नावच लागलं नाही, तर कोणाच्या वारसांची नावं चढली नाहीत. भाटकाराची मुलं मुंबईला, लिस्बनला, कुळाची मुलं नोकरीत, शेत पडीक. आणि भाव वाढल्यावर सगळ्यांनाच उतारा आठवला. कुळकायद्याने मिळालेली शेतजमीन शेतीखेरीज कशाला वापरता येणार नाही, असा कायदा 1991 मध्ये करावा लागला, तो यामुळेच.

खाजनांचं, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या सखल शेतांचं, नुकसान निराळं, आणि माझ्या मते त्याची चर्चा फार कमी होते. कुळं मालक झाली तसं गावकारीचं उत्पन्न आटलं. बांध आणि मानशी कुळांच्या संघटनांकडे आल्या. शेत एकेकट्याचं करता येतं, बांध येत नाही. तो एका ठिकाणी फुटला की खारं पाणी सगळ्यांच्या शेतात शिरतं. काही संघटनांनी मानशीची मासळी पावणीला देऊन तेवढंच उत्पन्न पाहिलं आणि बांध तसाच सोडला.

2014 मध्ये कुळांचे दावे मामलेदाराकडून दिवाणी न्यायालयांकडे नेले आणि दाव्याला मुदत घातली. वकिलाचा खर्च आणि वर घड्याळ! एवढी ओरड झाली की 2017 मध्ये दावे परत मामलेदाराकडे आले.

सत्तरीत तर अजून पहिलाच प्रश्न सुटलेला नाही. मेळावलीत आयआयटीची जागा आखायला माणसं आली तेव्हा काजूच्या बागा कसणारे लोक आडवे झाले. त्यांचं म्हणणं, ही आमची कसवणूक. सरकारचं म्हणणं, ही सरकारी जमीन. जानेवारी 2021 मध्ये सरकारने प्रकल्प तिथून हलवला. बागा कसणाऱ्यांकडे राहिल्या. जमिनीच्या हक्काची त्यांची मागणी मात्र तशीच उभी आहे.