रिकामी खाट वाया जात नसते

सरकारी आरोग्यखर्चावर वाद सुरू झाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "इतक्या खाटा रिकाम्या पडल्यात, म्हणजे पैसा वाया चाललाय." हॉटेलच्या खोल्यांना हा हिशेब लागू पडतो. रुग्णालयाला तो लावला की घोटाळा होतो आणि अनेक देशांनी तो लावलेला आहे. दर हजार माणसांमागे जपानमध्ये साधारण १२ खाटा आहेत, जर्मनीत सात-आठ, ब्रिटनमध्ये अडीचच्या आसपास. अनेक देशांत खाटा घटत गेल्या, पण त्यामागे फक्त काटकसर नव्हती. दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया आल्या, भूलशास्त्र सुधारलं, माणसं लवकर घरी जायला लागली. पण उरलेल्या खाटा सतत भरलेल्या राहायला लागल्या आणि तिथून पुढे गणितानं आपला इंगा दाखवला.

हे गणित माझं फार आवडतं आहे, त्यामुळे थोडं सहन करा.

एकच डॉक्टर आहे असं समजू. एक रुग्ण तपासायला त्याला ९ मिनिटं लागतात आणि सरासरी दर १० मिनिटांनी एक रुग्ण येतो. म्हणजे वेळ पुरेसा आहे, उलट थोडा उरतोच. रुग्ण घड्याळ लावून आले तर कोणालाच थांबावं लागणार नाही. पण ते येतात असे: १०:००, १०:२५, १०:२७, १०:२८, १०:३० आणि १०:५०. पन्नास मिनिटांत पाच अंतरं, सरासरी बरोबर १० मिनिटांची. पहिल्याला तपासून डॉक्टर १०:०९ ला मोकळा होतो आणि पुढची १६ मिनिटं नुसता बसून राहतो. मग गर्दी येते. १०:२७ चा रुग्ण ७ मिनिटं थांबतो, १०:२८ चा १५, १०:३० चा २२. खरी मेख त्या १६ मिनिटांत आहे. ती बरणीत भरून ठेवता येत नाहीत. मोकळा गेलेला वेळ गेला, साचलेली रांग मात्र साचूनच राहते.

रांगांच्या या गणिताचा पाया कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एर्लांग या गणितज्ञानं घातला. त्याचा पहिला लेख १९०९ चा. त्याला प्रश्न पडला होता तो किती ग्राहकांसाठी किती तारा लागतील एवढाच. रुग्णांचं येणं आणि तपासणीचा वेळ दोन्ही पूर्ण यादृच्छिक, म्हणजे निव्वळ योगायोगावर सोडलेले धरले, तर सर्वात साधं सूत्र असं निघतं: दवाखान्यात असलेली (थांबलेली आणि तपासली जाणारी मिळून) सरासरी माणसं = व्यग्रता ÷ (१ − व्यग्रता). व्यग्रता म्हणजे डॉक्टर किती टक्के वेळ कामात आहे ते. ५० टक्क्यांना उत्तर येतं १, ८० ला ४, ९० ला ९, ९५ ला १९ आणि ९९ ला ९९. आपल्या डॉक्टरची व्यग्रता ९० टक्के आहे, तेव्हा दीर्घकाळात सरासरी वाट पाहणं ८१ मिनिटांचं. त्यानं दर रुग्णामागे एकच मिनिट वाचवलं, तर ते ३२ मिनिटांवर येतं. उलट अर्धं मिनिट जास्त लागलं, तर तीन तास!

रुग्णालयात खाटा अनेक असतात, त्यामुळे वक्ररेषा जरा सौम्य होते, पण शेवटी वळते ती तशीच. १९९९ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या एका संगणकीय प्रतिकृतीत सरासरी ८५ टक्क्यांहून जास्त खाटा भरल्या की धोका दिसू लागला आणि ९० च्या पुढे खाटांची टंचाई वारंवार येऊ लागली. हा ८५ चा आकडा पुढे मंत्रासारखा जपला गेला, तेही चूकच. यादृच्छिक संख्येची चढउतार तिच्या वर्गमुळाएवढी असते. सरासरी १०० रुग्णांत ती १० ची, म्हणजे दहा टक्के. सरासरी ४ रुग्णांत २ ची, म्हणजे पन्नास टक्के. म्हणून लहान अतिदक्षता विभागाला मोठ्या वॉर्डापेक्षा जास्त मोकळीक लागते.

जाता जाता, जगभरच्या कॅज्युअल्टीत पौर्णिमेच्या रात्री गर्दी होते असं शिकलेसवरलेले लोकही मानतात. आकडेवारी तपासली की चंद्राचा हात दिसत नाही. यादृच्छिक गोष्टी मुळातच पुंजक्यांनी येतात. पुंजका पौर्णिमेला आला तर लक्षात राहतो, अष्टमीला आला तर विसरला जातो.

आता धोरणांकडे. इंग्लंडनं कॅज्युअल्टीतल्या रुग्णाला चार तासांत भरती करायचं, दुसरीकडे हलवायचं किंवा घरी सोडायचं असा नियम केला. सुरुवातीला फायदाही झाला, पण आलेख काढल्यावर चार तास भरत आले की रुग्ण हलवण्याचा एक उंच सुळका दिसू लागला. पुढे ९५ टक्के रुग्णांचं उद्दिष्ट २०१५ नंतर वर्षानुवर्षं गाठता आलं नाही. कारण तुंबलेलं असतं ते बहुतेकदा मागचं दार. बरा झालेला म्हातारा रुग्ण घरी बघायला कोणी नाही म्हणून खाटेवरच राहतो. स्वीडननं १९९२ मध्ये या दाराला हात घातला: उपचार संपलेल्या रुग्णाच्या खाटेचं बिल नगरपालिकेवर टाकलं. वृद्धांच्या देखभालीची सोय करणं मग तिलाच स्वस्त पडू लागलं. रोज ४० भरती आणि सरासरी मुक्काम ६ दिवस, तर २४० खाटा लागतात. मुक्काम अर्ध्या दिवसानं कमी झाला की २२० पुरतात. वीट न रचता वीस खाटा मिळाल्या.

कृत्रिम बुद्धिमत्ता हे सगळं सोडवेल, असं सध्या जोरात सांगितलं जातंय. उद्या किती रुग्ण येतील याचा अंदाज ती बरा बांधेलही, पण अंदाजावर रुग्णाला झोपवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते २०३० मध्ये जगात सुमारे एक कोटी दहा लाख आरोग्य कर्मचारी कमी पडतील. नर्स नसेल तर खाट म्हणजे फर्निचर.

मला सर्वात गंमत वाटते ती चढउताराच्या उगमाची. अपघात आणि हृदयविकाराचे झटके गोंधळ घालत असतील असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात अनेक रुग्णालयांत आधी ठरवलेल्या शस्त्रक्रियांच्या भरतीत जास्त चढउतार सापडले. कारण साधं आहे: सर्जनांना ऑपरेशनं आठवड्याच्या सुरुवातीला हवी असतात, म्हणजे शनिवार-रविवारच्या आत रुग्ण घरी जातो. अमेरिकेत यूजीन लिटवाक यांनी यावर बरंच काम केलं आणि सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयानं त्या पद्धतीनं ऑपरेशनं आठवडाभर सारखी वाटून पाहिली. कागदावर हा उपाय फुकटचा. फक्त शुक्रवारी गुडघा बदलला, तर रविवारी त्या रुग्णाला उठवून चालवायला फिजिओथेरपिस्ट लागतो आणि बहुतेक ठिकाणच्या ड्युटीच्या तक्त्यात रविवारचा तो रकाना कोराच असतो.