तीन-चार अक्षरांची उत्तरे आणि त्यांचे बदलते क्लू

रविवार, २१ डिसेंबर १९१३. 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या 'फन' पुरवणीत आर्थर विन या मूळच्या लिव्हरपूलच्या संपादकाने हिऱ्याच्या आकाराचे एक कोडे छापले. नाव 'वर्ड-क्रॉस'. काही आठवड्यांत छपाईच्या गडबडीत शब्द मागेपुढे झाले, 'क्रॉस-वर्ड' असे छापले गेले आणि तेच रूढ झाले.

या पहिल्याच कोड्यात 'डव्ह' (डी-ओ-व्ही-ई) हे चार अक्षरी उत्तर दोनदा येते. एका ठिकाणी क्लू आहे 'एक पक्षी', दुसऱ्या ठिकाणी 'एक कबुतर'. आज एकच उत्तर दोनदा आलेले कोडे संपादक साभार परत करील. पण शब्दकोड्यांचा पुढचा सगळा पेच इथे दिसतो: छोटा शब्द पुन्हा पुन्हा येणारच, मग त्याला दरवेळी नवे काय विचारायचे? त्याच कोड्यात 'गोमुती माडाचा तंतू' असाही एक क्लू आहे. उत्तर 'डोह', डी-ओ-एच. हे कुणाला ठाऊक असणार? आणि एका क्लूमध्ये विन सरळ विचारतो, हे कोडे कसे आहे? उत्तर 'हार्ड'. हा मात्र नुसता शब्दकोशातला अर्थ नाही, डोळा मिचकावून विचारलेला प्रश्न आहे.

छोटे शब्द कोणी हौसेने घालत नाही, ते चौकट मागते. अमेरिकी चौकटीत प्रत्येक अक्षर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत बसावे लागते. लांब, देखणे शब्द एकमेकांशेजारी मांडले की मधल्या फटी बुजवायला स्वरांनी भरलेले तीन-चार अक्षरी शब्दच कामाला येतात. ही शिस्त मुख्यतः मार्गारेट फरार यांची. 'वर्ल्ड'मध्ये त्यांच्याकडे कोड्यांतल्या चुका निस्तरायचे काम आले. १९२४ साली सायमन आणि शुस्टर यांनी सोबत पेन्सिल देऊन काढलेल्या पहिल्या कोडेसंग्रहाच्या संपादकांत त्या होत्या. त्याच वर्षी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने या नादाला वेळेचा पापी अपव्यय म्हणून हिणवले होते. फेब्रुवारी १९४२ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, त्याच 'टाइम्स'ने रविवारचे कोडे सुरू केले आणि संपादक म्हणून फरार यांनाच बोलावले. चौकट उलटी धरली तरी तशीच दिसावी, काळी घरे एक षष्ठांशाच्या आसपासच असावीत, दोन अक्षरी उत्तर नको, हे दंडक रुजले ते त्यांच्यामुळे.

दंडक आले तसे 'एर्न', 'अनोआ', 'एस्ने', 'एटुई' हे शब्दही आले. एर्न म्हणजे समुद्री गरुड, अनोआ हा सुलावेसी बेटावरचा रानरेडा, एस्ने हा अँग्लो-सॅक्सन काळातला गुलाम, एटुई ही सुया ठेवायची डबी. बोलण्यात हे कुणाच्या तोंडी नाहीत, पण कोडी सोडवणाऱ्याला पाठ. क्लूही ठरलेले, 'सागरी गरुड' म्हटले की हात आपोआप चार घरे भरतो. यात गंमत काय उरली, असे विचारणाऱ्यांच्या बाजूचा मी आहे.

बदल पाहायचा तर 'ओरिओ' घ्या. इंग्रजीत चार अक्षरे (ओ-आर-ई-ओ), त्यांतले तीन स्वर. कोडे रचणाऱ्याला घबाडच. बिस्किट १९१२ पासून बाजारात आहे, म्हणजे शब्दकोड्याहून वर्षभराने थोरले. पण ब्रँडचे नाव कोड्यात घेणे तेव्हा शिष्टसंमत नव्हते, म्हणून कित्येक वर्षे या उत्तराचा क्लू असायचा 'पर्वत, उपसर्ग'. ग्रीकवरून आलेला हा 'ओरिओ' शास्त्रीय नावांत सापडतो. १९७७ पासून 'टाइम्स'च्या कोड्यांचे संपादक असलेले यूजीन मलेस्का हे शाळेतून आलेले, शब्दकोशावर श्रद्धा असलेले गृहस्थ. १९९३ मध्ये विल शॉर्ट्झ आले आणि गाणी, टीव्ही, खेळ, दुकानांतल्या वस्तू यांना कोड्यात मोकळीक मिळाली. पर्वत मागे पडला, बिस्किट पुढे आले.

'ईआरए'चेही तसेच. सोमवारच्या सोप्या कोड्यात नुसते 'कालखंड' (इंग्रजीत 'एरा') पुरते. शनिवारच्या अवघड कोड्यात त्याच तीन अक्षरांसाठी बेसबॉलमधल्या गोलंदाजाची सरासरी विचारता येते, किंवा १९७२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने संमत केलेली पण पुढे अडकून पडलेली समान हक्कांची घटनादुरुस्ती. दोन्हींचा इंग्रजी संक्षेप 'ईआरए'च.

या खेळात फसवणुकीलाही नियम आहेत. क्लूमध्ये संक्षेप असेल तर उत्तरही संक्षेप. क्लू अनेकवचनी असेल तर उत्तरही. मग शेवटच्या घरात पेन्सिलने 'एस' लिहून ठेवायला बहुधा हरकत नसते. पॅरिसमधला मित्र विचारला की फ्रेंच 'अमी'. आणि शेवटी प्रश्नचिन्ह असेल तर शब्दशः अर्थ घेऊ नका, कोटी आहे.

ब्रिटनमध्ये वाट वेगळी फुटली. तिथली चौकट जाळीदार असते, साधारण एक सोडून एक अक्षर छेदले जाते, त्यामुळे फटी बुजवायची निकड कमी. टॉर्कमाडा या टोपणनावाने 'ऑब्झर्व्हर' या वृत्तपत्रात कोडी घालणाऱ्या एडवर्ड पॉइस मॅथर्सने १९२० च्या दशकात क्लूचीच कसरत केली. पुढे तिथे रूढ झालेली क्लूची घडण अशी: अर्थ एका टोकाला, शब्दांची मोडतोड दुसऱ्या टोकाला आणि कंसात अक्षरसंख्या.

देवनागरीत पेच आणखी निराळा. आपल्या घरात काना-मात्रेसकट अख्खे अक्षर बसते, 'का' आणि 'कि' एकमेकांना छेदू शकत नाहीत. म्हणून फटी बुजवायला क, ग, ज, न, र, ल अशी मोकळी अक्षरे लागतात आणि संस्कृत धावून येते. 'पक्षी' म्हटले की खग, 'हत्ती' म्हटले की गज, 'पाणी' म्हटले की जल, 'दात' म्हटले की रद. हे आपले एर्न आणि अनोआच. त्यातल्या त्यात 'कर' हा शब्द मला अन्याय झालेला वाटतो. हात, किरण, सोंड, सरकारी वसुली आणि वर 'करणे'चा आज्ञार्थ, एवढे सगळे दोन घरांत असताना क्लू मात्र बहुतेकदा 'हात' नाहीतर 'टॅक्स'. त्यापेक्षा हा पाहा: सूर्याला हजार, माणसाला दोन, हत्तीला एक (२).