आजी गोंधळल्यात? सोडियम तपासा

नैराश्याची गोळी सुरू होऊन दहा-बारा दिवस झालेले. सत्तरीच्या आजी देवघरासमोर उभ्या राहून विचारतात, "मी दिवा लावला का गं?" ज्योत समोरच तेवत असते. दोन दिवसांपासून डोकं दुखतंय, मळमळतंय, चालताना भिंत धरावी लागतेय. घरचे म्हणतात, वय झालं, नाहीतर आजारच वाढला. अशा वेळी कळकळीनं सांगावंसं वाटतं, आधी रक्तातलं सोडियम बघा.

एस्सिटॅलोप्रॅम, सरट्रालिन यांसारख्या नैराश्यावरच्या गोळ्यांनी काहींच्या मेंदूला सूज येते, पण थेट नाही. शरीरात पाणी किती धरून ठेवायचं, हे मूत्रपिंडांना व्हासोप्रेसिन नावाचं संप्रेरक सांगतं. या गोळ्यांमुळे काहींच्या शरीरात ते नको तेव्हाही सुटत राहतं. पाणी साचतं, रक्त पातळ होतं. लिटरमागे 135 ते 145 मिलिइक्विव्हॅलंट असणारं सोडियम कधी 125च्याही खाली जातं. मग भिजत घातलेल्या बेदाण्यासारखं होतं: पातळ बाजूचं पाणी दाट बाजूला शिरतं आणि मेंदूच्या पेशी फुगतात. पाय सुजला तर कातडी ताणते. कवटी ताणत नाही. म्हणून आधी गोंधळ, मग झटके, वेळीच लक्ष न दिल्यास बेशुद्धी.

हे सगळ्यांना होत नाही. पासष्टीपुढचे, त्यातही स्त्रिया, किरकोळ अंगाच्या व्यक्ती आणि बीपीसाठी हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे यांना धोका जास्त, तोही बहुधा पहिल्या दोन-चार आठवड्यांत. पण भीतीपोटी गोळी परस्पर बंद करू नका. नैराश्यही जीव घेतं.

आणखी एक. "सोडियम कमी झालंय" म्हटलं की घरात मीठ घातलेलं सरबत, पेल्यामागून पेला सुरू होतं. इथं मीठ संपलेलं नसतं, पाणी वाढलेलं असतं. आणखी पाणी पाजलं की रक्त आणखी पातळ होतं. डॉक्टर उलट पाणी मोजून देतात, गोळी बदलतात. मिर्टाझापिन या नैराश्यावरच्याच दुसऱ्या गोळीत हा धोका कमी असतो. झटके आले, तर रुग्णालयात तीव्र मिठाचं सलाइन लावावं लागतं.

तेही जपून. सूज उतरवण्यासाठी मेंदूच्या पेशी एक-दोन दिवसांत स्वतःतले क्षार बाहेर टाकतात. त्यानंतर रक्त एकदम दाट केलं, तर पेशींतलं पाणी ओढलं जातं आणि मज्जातंतूंवरचं आवरण खराब होतं. म्हणून 24 तासांत सोडियममध्ये साधारण 8 ते 10 अंकांहून जास्त वाढ होऊ देत नाहीत. आयसीयूत दर काही तासांनी आजींचं रक्त काढतात, ते त्यासाठीच.