कोकणचा उथळ समुद्र

डहाणूपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्याला लागून, भूखंड मंचावर, म्हणजे किनाऱ्यापासून पाण्याखाली हळूहळू उतरत जाणाऱ्या उथळ तळावर, पसरलेला अरबी समुद्राचा पट्टा. ओहोटीच्या सर्वांत खालच्या रेषेपासून साधारण २०० मीटर खोलीपर्यंतच्या अशा पाण्याला सागरविज्ञानात नेरिटिक क्षेत्र म्हणतात. जगातल्या सागरी क्षेत्राचा दहावा हिस्साही या उथळ पाण्याने व्यापलेला नाही, तरी जगाची बहुतेक मासळी इथूनच येते. तळ जवळ असल्याने तिथे कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतली पोषकद्रव्ये लाटा आणि प्रवाह पुन्हा वर आणतात, नद्या त्यात भर घालतात आणि ऊन पोचते त्या थरात वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म वनस्पतिजीव, वाढतात.

कोकणच्या समुद्राचा स्वभाव ठरतो तो या मंचाच्या रुंदीवरून. मुंबई आणि खंबातच्या आखाताबाहेर मंच सुमारे ३०० किमी रुंद आहे, दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो आणि कोचीजवळ ६० किमीच्या आसपास उरतो. १९७४ मध्ये तेल सापडले ते मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किमी दूर आहे, पण तिथेही पाणी जेमतेम ७५ मीटर खोल आहे. रुंद, उथळ मंचावरून येताना भरतीची लाट उंचावते. गोव्यात पाणी दोनेक मीटर चढते-उतरते, मुंबईत उधाणाला चार मीटरच्या आसपास, तर आखाताच्या निमुळत्या टोकाकडे भावनगरजवळ दहा मीटरपर्यंत. अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती मात्र सगळीकडेच मवाळ असते.

भरती-ओहोटीच्या जोरदार ओढीमुळे उत्तरेकडचे पाणी कायम गढूळ राहते. गाळ तळाशी बसतो न बसतो तोच पुढची भरती तो उचलते. अशा पाण्याला गरीब समजणे चूक ठरेल. जवळा, करंदी आणि त्यांच्यावर जगणारा बोंबील यांचे हे माहेरच आहे. बोंबील पालघर, मुंबई, रायगडच्या पाण्यात विपुल, दक्षिणेकडे विरळ होत जातो आणि गोव्यापलीकडे फारसा मिळत नाही. त्याला पकडणारी डोलही याच ओढीवर चालते. समुद्रात रोवलेल्या खुंटांना लांब पिशवीसारखे जाळे बांधायचे, मासे त्यात ढकलण्याचे काम प्रवाह करतो. म्हणून डोलकराचे वेळापत्रक तिथीवर बेतलेले असते आणि उधाणाचे दिवस त्याच्या कमाईचे असतात. सिंधुदुर्गात ओढ कमी, पाणी नितळ. तिथे बांगडा आणि तारलीचे थवे किनाऱ्याजवळ येतात आणि माणसांच्या दोन रांगा वाळूवर उभ्या राहून रापण हे लांब जाळे ओढतात. मालवणच्या खडकाळ तळावर प्रवाळही वाढते, कारण प्रवाळाच्या शरीरातल्या शैवालांना प्रकाश मिळतो.

वर्षाचा मोठा उलटफेर पावसाळ्यात होतो. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या गोड्या पाण्याचा पातळ थर समुद्रावर पसरतात. त्याच काळात किनारी प्रवाह दक्षिणेकडे वाहू लागतो आणि मंचाच्या कडेखालचे थंड, पोषकद्रव्यांनी भरलेले पाणी तळालगत किनाऱ्याकडे सरकते. केरळ-कर्नाटकाकडे ही क्रिया जोरात असते, उत्तरेकडे ती क्षीण होते. प्लवक भरभरून वाढतात, पण मेलेले प्लवक खाली जाऊन कुजतात आणि त्यात प्राणवायू संपतो. वरचा गोडा, हलका थर झाकणासारखा बसल्यामुळे हा प्राणवायू हवेतून भरूनही निघत नाही. गोव्यात कांदोळीसमोर, अवघ्या २७ मीटर खोलीवर, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे मोजमाप करत आले आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथल्या तळाशी प्राणवायू नाहीसा होऊन हायड्रोजन सल्फाइड तयार झालेले त्यांना आढळले. या काळात तळाचे मासे वर किंवा किनाऱ्याकडे सरकतात. एकच पावसाळा अन्न देतो आणि श्वासही कोंडतो. किनाऱ्यावरून दिसणाऱ्या हिरवट पाण्यावरून याची कल्पना येत नाही. हिवाळ्यात प्रवाह उत्तरेकडे वळतो आणि तळाला पुन्हा प्राणवायू मिळतो. थंडीच्या दिवसांत काही रात्री लाटा निळ्या चमकतात, तो बहुधा नॉक्टिल्युका या एकपेशीय जीवाचा उजेड असतो.

खाड्या या समुद्राचाच भाग मानायला हव्यात. कोळंबीच्या अनेक जाती समुद्रात अंडी घालतात, पण पिल्ले वाढतात खारफुटीच्या निवाऱ्यात. खाडीत भराव पडला की त्याचा फटका बाहेरच्या जाळ्यालाही बसतो, ही गोष्ट किनाऱ्याच्या विकासाच्या चर्चेत सहसा कुणी मोजत नाही.

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१चा असून २०२१ मध्ये त्यात सुधारणा झाली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते. बंदीचा हा काळ अनेक माशांच्या विणीच्या हंगामाशी जुळतो. पण खरी झीज होते ती बारीक आसाच्या, म्हणजे लहान छिद्रांच्या, जाळ्यांनी. २०२३ मध्ये राज्यमासा ठरलेल्या पापलेटची बोटभर पिल्ले डोलीत आणि बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यांत अजूनही सापडतात आणि बाजारात विकलीही जातात. डोल परंपरागत असली तरी या बाबतीत तिला सूट देता येणार नाही.

संरक्षित क्षेत्र थोडे आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले, क्षेत्रफळ सुमारे २९ चौ. किमी. रोजच्या मासेमारीवर बंधने येतील या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोध केला. मंचाच्या कडेजवळ, विजयदुर्गपासून सुमारे १०५ किमी पश्चिमेला, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाणारे आंग्रिया बँक हे बुडालेले पठार आहे. त्याचा माथा सुमारे २० मीटर खोलीवर आहे. किनाऱ्याच्या गाळापासून दूर असल्याने तिथले पाणी स्वच्छ आहे आणि प्रवाळ मालवणपेक्षा कितीतरी विस्तृत आहे.