सातेरी आणि मेलिफेरा : घाटातल्या वादाची पार्श्वभूमी

सातेरी आणि मेलिफेरा या मधमाशीच्या दोन जाती. सातेरी आशियातली, मेलिफेरा मूळची युरोप-आफ्रिकेकडची. दोघीही अंधाऱ्या पोकळीत शेजारी-शेजारी समांतर पोळी बांधतात, म्हणून दोघी पेटीत राहतात. ब्रिटिश काळात मेलिफेरा इथे आणण्याचे प्रयत्न झाले, पण ती खऱ्या अर्थाने रुजली १९६०च्या दशकात, हिमाचलातल्या नगरोटा बगवाँ इथे. तिथून ती पंजाबच्या मोहरीवर उतरली आणि उत्तरेत पसरत गेली. दक्षिणेत पेटी म्हणजे तोवर सातेरीचीच.

हे चित्र पालटलं १९९१-९२च्या साथीने. थाई सॅकब्रूड हा सातेरीच्या अळ्यांचा विषाणूरोग. पोळ्यात अळी डोकं वर काढून मेलेली दिसते आणि चिमट्याने उचलली तर पाण्याने भरलेली पिशवीच हाती येते. दक्षिणेतल्या बहुतेक वसाहती गेल्या. रिकाम्या पेट्या समोर असताना मेलिफेराला मोकळीक देण्याचा निर्णय झाला आणि त्यावरचा वाद अजून शमलेला नाही.

निर्णयाच्या बाजूने आकडे होते. मेलिफेराच्या पेटीतून वर्षाला २५-३० किलो मध सहज निघतो, सातेरीच्या पेटीतून पाच-आठ किलो. शिवाय सातेरी चटकन पेटी सोडून जाते. पण मेलिफेराचे हे आकडे मोहरी-सूर्यफुलाच्या सपाटीवरचे, पेट्या हंगामागून हंगाम हलवणाऱ्यांचे. महाबळेश्वर-जावळीच्या पावसात मेलिफेराला साखरेचा पाक पाजावा लागतो, नाहीतर पेट्या ट्रकमध्ये घालून खाली न्याव्या लागतात. एका जागी राहणाऱ्या, पाच-दहा पेट्यांच्या मधपाळाला हा खर्च कुठला परवडायला? तुलना करताना हा खर्च धरलाच गेला नाही, हे मला गंभीर वाटतं.

दुसरा मुद्दा व्हरोआ गोचिडाचा. तो मुळात सातेरीवरचा. तिच्याकडे तो बहुतांशी पोळ्यातल्या नर-अळ्यांच्या घरांतच वाढतो, कामकरी माश्या एकमेकींच्या अंगावरून त्याला काढून टाकतात. मेलिफेराच्या मात्र कामकरी अळ्यांवरही तो पोसला जातो, म्हणून औषधाशिवाय वसाहत सहसा टिकत नाही.

दरम्यान साथीतून वाचलेल्या सातेरी वसाहती हळूहळू वाढल्या, काही रानातल्या ढोलींतून पुन्हा पेट्यांत आल्या. २०२२मध्ये महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर 'मधाचं गाव' जाहीर झालं. सपाटीवर बीजोत्पादनाच्या कांद्याला, सूर्यफुलाला मेलिफेराच्या पेट्या जरूर लावाव्यात. घाटात मात्र साथीत तगलेल्या सातेरी वसाहतींपासूनच पैदास व्हायला हवी होती, आणि ती अजूनही करता येईल.