मालवाहू वैमानिकाची रात्र, तास आणि पगार: पार्श्वभूमी

मालवाहू विमान चालवायला भारतात वेगळा परवाना नाही. गोव्यातल्या दाबोळीहून प्रवासी नेणारा आणि चेन्नईहून रात्री पार्सलं नेणारा, दोघांकडेही डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) एकच व्यावसायिक परवाना असतो. फरक कामाच्या वेळेत आहे, आणि ती वेळ टपालाने ठरवून दिली.

अलाहाबादहून नैनीला १८ फेब्रुवारी १९११ रोजी विमानाने गेली ती पत्रं. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला विमान आणलं, तेही टपालाचंच. प्रवासी मागाहून आले. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून डाकोटा विमानं निघायची, मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि उजाडेपर्यंत विमानं आपापल्या गावी परतायची. संध्याकाळी टाकलेलं पत्र सकाळी पोचवायचं तर दुसरा मार्गच नव्हता. अमेरिकेत फेडरल एक्सप्रेसने १७ एप्रिल १९७३ पासून मेम्फिसला १४ छोट्या जेट विमानांवर हेच गणित मांडलं. आजचं कुरिअर रात्रीच का उडतं, याचं उत्तर इथेच आहे.

गोव्यात मालाच्या विमानाची गरज निघाली ती राजकारणातून. १९५५ च्या सुमारास भारताने पोर्तुगीज वसाहतींची आर्थिक नाकेबंदी केली, आणि त्याच काळात दाबोळीची धावपट्टी आणि ‘ताइप’ ही पोर्तुगीज विमान कंपनी उभी राहिली. दमण, दीव आणि कराचीशी संबंध तिच्याच विमानांनी टिकवला. डिसेंबर १९६१ मध्ये दाबोळीवर बॉम्ब पडले, तरी मोडक्या धावपट्टीवरून दोन मोठी विमानं निसटलीच. मुक्तीनंतर तळ नौदलाकडे गेला आणि आयएनएस हंसा झाला. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून वाहतुकीला खुला झाला. आजही गोव्याचा हवाई माल मुख्यतः प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. त्यामुळे मालवाहू कंपनीत लागलेल्या गोवेकर मुलाला घराजवळ बेस (नेमणुकीचा विमानतळ) मिळेल ही आशा धरू नये.

मुळात जागाच थोड्या. ब्लू डार्ट एव्हिएशनने १९९६ मध्ये बोईंग ७३७ विमानांवर सुरुवात केली. कॅप्टन गोपीनाथ यांनी २००९ मध्ये पुन्हा नागपूरलाच हब (माल एकत्र करून वाटण्याचं केंद्र) धरून डेक्कन ३६० काढली, पण ती टिकली नाही. इंडिगोने २०२२ च्या अखेरीस प्रवासी विमानाचं मालवाहू करून घेतलेलं एअरबस ए३२१ आणलं. काही छोट्या कंपन्या धरल्या तरी देशातली मालवाहू विमानं प्रवासी विमानांच्या तुलनेत मूठभरच आहेत. परदेशात लहान मालवाहू विमानावर तास जमवून मोठ्यावर जाण्याची जुनी वाट आहे. आपल्याकडे ती जवळजवळ नाही. नवखा मुलगा थेट जेटच्या उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या खुर्चीतच बसतो, आणि तोही बहुधा प्रवासी कंपनीतून येतो.

परवान्याची वाट सर्वांना सारखीच. हायर सेकंडरीला भौतिकशास्त्र आणि गणित, वयाची १८ वर्षं पूर्ण, एकूण २०० तास उड्डाण. त्यातले १०० तास स्वतः कमांडर म्हणून, आणि ३०० सागरी मैलांचं एक क्रॉस-कंट्री, म्हणजे लांब पल्ल्याचं उड्डाण. पेपरांत नेव्हिगेशन आणि हवामानशास्त्र जड जातात. उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात. आधी क्लास वन (व्यावसायिक वैमानिकांसाठीची) वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, मगच फी भरावी. हा क्रम उलटा करणारे दरवर्षी भेटतात, आणि डोळ्यांच्या किंवा हृदयाच्या एखाद्या नोंदीवर अडकतात. गोव्याला जवळची शाळा म्हणजे बेळगाव. विमानतळ प्राधिकरणाने नव्या उड्डाण शाळांसाठी निवडलेल्या पाच विमानतळांत ते होतं. पावसाळ्यात मात्र खाली उतरलेल्या ढगांनी तिथले तास थांबतात. एवढ्यात खर्च पन्नास लाखांच्या वर जातो, आणि बोईंग ७३७ किंवा एअरबस ए३२० चं टाइप रेटिंग (त्या एका प्रकारचं विमान चालवण्याची मान्यता) त्यापुढचं. परवाना हाती आल्यावर नोकरी लांबली तर इन्स्ट्रुमेंट रेटिंगची (फक्त उपकरणांवर उडण्याच्या मान्यतेची) मुदत संपते, हात विसरतो आणि पुन्हा पैसे भरून तपासणी द्यावी लागते. कर्जाच्या हिशेबात हा मधला काळ कोणी धरत नाही.

टाइप रेटिंगनंतर विमानावर टेकऑफ-लँडिंगचा सराव, मग ट्रेनरबरोबर नेहमीच्या फेऱ्यांवर लाइन ट्रेनिंग आणि शेवटी ट्रेनरशिवाय उडायला मोकळं करणारी तपासणी, म्हणजे रिलीज चेक. मालवाहूचा खरा धडा इथे, रात्री दोनला ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या जागेवर मिळतो. फर्स्ट ऑफिसरच्या (सहवैमानिकाच्या) हातात लोड अँड ट्रिम शीट येते: कुठल्या जागेवर कुठलं पॅलेट (माल बांधलेला पाट), वजन किती, गुरुत्वमध्य कुठे आणि तोल राखायला ट्रिम किती लावायचा. कागदावरचं पॅलेट प्रत्यक्षात त्याच जागी आहे ना आणि मजल्यावरची लॉक वर आली आहेत ना, हे पाहिल्याशिवाय सही करायची नाही. सोबत धोकादायक मालाची यादी, म्हणजे नोटॉक, येते. २९ एप्रिल २०१३ ला अफगाणिस्तानातल्या बगरामहून उडालेल्या बोईंग ७४७ मध्ये नीट न बांधलेलं चिलखती वाहन मागे सरकलं, त्याने हायड्रॉलिक यंत्रणा आणि शेपटीच्या स्टॅबिलायझरचा जॅकस्क्रू (तो वरखाली करणारा स्क्रू) मोडला. सातही जण गेले. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून निघालेल्या यूपीएस या अमेरिकी कुरिअर कंपनीच्या विमानात लिथियम बॅटऱ्या असलेल्या मालाला आग लागली, दोघे वैमानिक गेले. मालवाहू विमानाच्या मुख्य डेकवर आग विझवायचा वायू सहसा नसतो. हवा बंद करायची, केबिनचा दाब काढायचा आणि ऑक्सिजन मास्क चढवून जवळच्या विमानतळाकडे वळायचं, हीच पद्धत. मागे प्रवासी नाहीत म्हणून काम सोपं, असं म्हणणाऱ्याने ही चेकलिस्ट एकदा वाचावी.

झोपेचा प्रश्न जुना, नियम अलीकडचे. मध्यरात्री दोन ते सकाळी सहा या वेळात शरीर सर्वांत सुस्त असतं. २००९ मध्ये बफेलोजवळ झालेल्या विमान अपघातानंतर अमेरिकेने ड्यूटीचे नियम कडक केले, ते जानेवारी २०१४ पासून लागू झाले, पण खर्चाचं कारण देऊन मालवाहू कंपन्यांना त्यातून वगळलं. ऑगस्ट २०१३ मध्ये यूपीएसचं विमान पहाटेपूर्वी अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमजवळ कोसळलं; चौकशीत थकव्याचा उल्लेख आला. तरी सूट राहिली, आणि ती चुकीचीच आहे. भारतात डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्ये साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास केली आणि नियमातली रात्र पाचऐवजी सहापर्यंत लांबवली. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने पुढच्या वर्षी आली. कुरिअरचं वेळापत्रक नेमकं याच तासांत बसतं. आपल्या कंपनीच्या परवान्याला कोणता ड्यूटी नियम लागू आहे, हे मुलाखतीतच विचारावं.

पगाराचा आकडा तासांवर चालतो, हेही टपालाच्या काळापासूनचं वळण. ब्लॉक तास म्हणजे उडण्यासाठी विमान जागेवरून हलल्यापासून उतरून पुन्हा थांबेपर्यंतचा वेळ. प्रशिक्षणात स्टायपेंड किंवा काहीच नाही, रिलीजनंतर ठरावीक हमीचे तास आणि त्यावर जादा तासाचा दर, अशी साधारण रचना असते. मालवाहूत ड्यूटी नऊ तासांची असली तरी उडणं तीनच तासांचं असू शकतं. मधला वेळ हबवर मालाची वाट बघण्यात जातो. म्हणून तासाच्या दरापेक्षा हमीचे तास किती, रात्रीचा आणि मुक्कामाचा भत्ता वेगळा आहे का, टाइप रेटिंगचा खर्च कोणाचा आणि त्यावर बॉण्ड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) किती वर्षांचा, हे आधी पाहावं. नोटीस पीरियड कंपनीच्या मर्जीवर नाही: डीजीसीएच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे कॅप्टनला एक वर्ष आणि को-पायलटला सहा महिने. बॉण्डची रक्कम नोटीस पाळली म्हणून माफ होत नाही, दोन्ही स्वतंत्र लागतात.